उन्हात घातलेलं बियाणं

माझी आई कोलकात्याच्या मराठी मंडळींमध्ये एका चुकीसाठी ओळखली जायची, आणि ती चूक तिने केलेली नव्हती. गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कोणाच्या बदलीच्या निरोपाच्या जेवणात कोणीतरी हमखास म्हणायचं, "काय पाठकवहिनी, आज काय काय उन्हात घातलंत?" की सगळे हसायचे. आईही हसायची. बँकांमधली आणि सरकारी कचेऱ्यांमधली ही माणसं काही वर्षांनी बदलून जायची, त्यांच्या जागी नवी यायची. जाणारे लोक येणाऱ्यांना गॅसचं कनेक्शन आणि कामवाल्या बाईचा पत्ता देऊन जात, तसा हा विनोदही देऊन जात. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या लोकांना बाबांनीच तो पुन्हा सांगितला. डोळे पुसत पुसत सांगितला. "फार भोळी होती हो. ओलं दिसलं की उन्हात, एवढंच तिला ठाऊक." मी तिथेच चहाचे कप गोळा करत होते. बाबांच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण मी शोधली, पण ती नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

आम्ही डमडमला राहायचो, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण, सगळ्यांची मासिमा, म्हणजे मावशी. विमानं इतकी खालून जायची, की बोलणारा माणूस मध्येच थांबायचा आणि विमान गेलं की तोच शब्द पकडून पुढे बोलायचा. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना हे विचित्र वाटे. तिन्हीसांजेला शेजारपाजारच्या घरांमधून शंख वाजायचे, त्यापाठोपाठ वीज जायची, आणि अंधारात कुठल्यातरी मुलीची हार्मोनियमवरची सरगम तेवढी चालू राहायची. आईच्या स्वयंपाकघरात गोविंदभोग तांदळाचा भात, वरण, पटोलची, म्हणजे परवराची, गोडा मसाला घातलेली भाजी असं आमचं धेडगुजरी जेवण शिजायचं. बाबांना वरण-भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. मासे घरात यायचे नाहीत, पण मासिमाच्या सर्षेच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाचा वास जिन्यावरून थेट आमच्या देवघरापर्यंत यायचा आणि त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती, की सुट्टीत अकोल्याला गेल्यावर तिथलं घर मला बिनवासाचं वाटायचं.

बाबा हालदारबाबूंच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना म्हणजे दोन शेड आणि एक खोली, पण त्या खोलीत बाबांचं राज्य होतं. तिथे ते जिवाणू वाढवायचे. शेंगा येणाऱ्या पिकांच्या मुळांवर बारक्या गाठी धरतात, त्या गाठींमध्ये हे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. हे बाबांनी मला इतक्यांदा समजावलं होतं, की झोपेतून उठवलं तरी मी सांगितलं असतं. प्रत्येक पिकाचे जिवाणू वेगळे. बंगालच्या त्या भागात सोयाबीन कोणी कधी पेरलं नव्हतं, त्यामुळे मातीत त्याचे जिवाणूच नव्हते. ते बियाण्याला लावून द्यावे लागत. बाबा ते कोळशाच्या बारीक भुकटीत मिसळून पाकिटात भरायचे. आता ते बाटलीत पातळ स्वरूपात मिळतात. परवा एका दुकानात बाटल्यांची रांगच बघितली आणि ओळखीचं माणूस मोठ्या हुद्द्यावर बसलेलं दिसावं तसं मला वाटलं. पण तेव्हा काळी भुकटी होती, आणि तिचा काळा हात आमच्या घरातल्या सगळ्या दरवाजांना लागलेला असायचा.

कारण बियाण्याला ती भुकटी चोळायचं काम आमच्या घरी चालायचं. कारखान्यात सावलीची मोकळी फरशी नव्हती. आमच्या घरी मागच्या बाजूला लांब, बंद व्हरांडा होता. आई गुळाचं पाणी उकळायची. ते पूर्ण थंड होईपर्यंत ती कोणाला भांड्याला हात लावू द्यायची नाही, कारण कोमट पाण्यातही जिवाणू मरतात. मग त्यात भुकटी कालवून ते बियाण्यावर शिंपडायचं आणि हलक्या हाताने वरखाली करायचं. सोयाबीनचं साल फार पातळ असतं, रगडलं की सुटतं. नंतर गोणपाटावर सावलीत पसरायचं, सुकू द्यायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. आईने लग्नाआधी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि मग ती पदवी ट्रंकेत लुगड्यांखाली गेली होती. ह्या व्हरांड्यात ती परत वर आली. सुरुवातीला बाबा शेजारी उभे राहून सूचना द्यायचे. नंतर त्यांनी ते सोडून दिलं आणि नुसते पेपर वाचत बसायला लागले.

आता गच्चीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी थट्टा तिथूनच निघाली. चैत्र लागला की आई गच्चीवर वाळवणं घालायची. उडदाचे पापड, कुरडया, सांडगे, ताकातल्या मिरच्या. शेजारी मासिमा आपल्या डाळीच्या बोऱ्या घालायची, म्हणजे बंगाली सांडगेच ते. दोघी कावळ्यांना हाकलत, एकमेकींचं चाखत, तोडक्यामोडक्या बांगलात गप्पा मारायच्या. आई बांगला शिकली ती तिथेच. मराठी मंडळींमध्ये तिच्या कुरडयांचा बोलबाला होता. डमडमपासून पार खिदिरपूरच्या कस्टमच्या क्वार्टर्सपर्यंत तिचे डबे जायचे. पाठकवहिनी म्हणजे वाळवण, हे समीकरण पक्कं होतं. घरातली कुठलीही ओली वस्तू ती उन्हात नेते, हे कोणालाही पटण्यासारखं होतं.

हालदारबाबूंच्या डोक्यात त्या वर्षी एक नवी कल्पना आली. गावांमध्ये बियाणं बायकांच्या ताब्यात असतं, त्या ते निवडतात, साठवतात, पेरणीला काढून देतात. पण कारखान्याचे पुरुष जाऊन समजावतात ते पुरुषांना, आणि पाकिटं तशीच माळ्यावर पडून राहतात. तेव्हा एखादी बाईच का नेमू नये? ते एकदा आमच्याकडे आले असताना त्यांनी आईला बियाणं लावताना पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दार्जिलिंग चहा संपवला आणि जाता जाता दारात म्हणाले, "पूजोर पोर थेके आपनि आमादेर लोक, बौदी." दुर्गापूजा झाली की तुम्ही आमच्याकडे कामाला, वहिनी. आईला आधी वाटलं, मोठ्या माणसांची बोलायची रीत असते तसं ते बोलले. पण पुढच्या भेटीत त्यांनी कुठली गावं आधी घ्यायची ते सांगितलं.

त्यानंतरची आई मला फार स्पष्ट आठवते. ती हातीबागानच्या बाजारात जाऊन सपाट टाचेच्या चपला घेऊन आली, शेताच्या बांधावर चालता याव्यात म्हणून. खांद्याला अडकवायची कापडी पिशवी तिने स्वतः शिवली. पोळ्या लाटताना ती बांगलातली वाक्यं घोकायची. "जोरे घोषबेन ना, दिदी, आस्ते माखुन." जोरात चोळू नका, हलके मिसळा. मी शाळेत बांगला बोलणाऱ्या मुलींमध्ये वाढलेली, मी तिचे उच्चार सुधारायची आणि ती मुकाट्याने पुन्हा म्हणायची. एरवी मी काही शिकवलेलं तिला खपत नसे. बाबा चिडवायचे, "आता मला कोण विचारणार? मॅडम दौऱ्यावर." त्यांना आनंद झाला होता, असं मला तेव्हा वाटलं होतं. आताही वाटतं. तिला काही मिळत असलं तर त्यांना ते हवंच होतं, जोपर्यंत त्यासाठी त्यांना काही सोडावं लागत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात बारासतच्या पुढच्या एका गावात प्रात्यक्षिक ठरलं होतं. एका पट्ट्यात जिवाणू लावलेलं सोयाबीन, शेजारच्या पट्ट्यात साधं. सरकारी शेतीखात्याचे एक मोठे साहेब झाडं उपटून मुळं बघणार, आणि पटलं तर हालदारबाबूंना मोठं काम मिळणार. नेमकी तेव्हाच कारखान्यातली नवी खेप वीज जाऊन बिघडली, जिवाणूंच्या जागी भलतंच काहीतरी वाढून बसलं. उरली ती परत आलेली पाकिटं. ती जहाजाने पाठवायची होती, पण कागदपत्रं अडकली आणि ऐन वैशाखात खिदिरपूरच्या बंदरावरच्या पत्र्याच्या गोदामात खोकी पडून राहिली. ती परत आली तेव्हा बाबांनी त्यातली थोडी भुकटी काचेच्या बशीत लावून बघितली होती आणि जेवताना सांगितलं होतं, "उकडून मेलेत सगळे. एक वाढेल तर शपथ." त्या वाक्याला आई आणि मी दोघी साक्षीदार.

पेरणीच्या दिवशी सकाळी बाबा जे खोकं घेऊन आले, त्यावर गोदामातल्या खडूच्या खुणा होत्या. आईने ते लगेच ओळखलं.

"अहो, हे तेच ना?"

"हालदारबाबू म्हणाले हेच वापरा."

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"असतील थोडे जिवंत. तू लाव. वेळ नाही आता."

आईने गुळाचं पाणी आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं होतं. तिने पाकिटं फोडली, नेहमीच्याच काळजीने बियाणं लावलं आणि व्हरांड्यात पसरलं. बाहेर पहाटेपासून रिपरिप चालू होती. आभाळ इतकं भरून आलेलं, की व्हरांड्यात दिवा लावावा लागला. सुकायला वेळ लागेल म्हणून आईने पंखा लावला होता, तोही जपून, लांबून. दुपारी बाबा आणि आई पिशव्या घेऊन बारासतच्या गाडीत बसले. हालदारबाबू शेतावर छत्री धरून उभे होते, असं आईने परत आल्यावर सांगितलं. त्या दिवशी आमच्या गच्चीवर ऊन कोणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन भेटावं.

झाडं फुलावर आली तेव्हा साहेब आले. शाळेला सुट्टी होती म्हणून आईने मलाही नेलं. ती तिच्या नव्या चपला घालून आली होती आणि पिशवीत मुळं कापून दाखवायला छोटी सुरी घेतली होती. चांगल्या गाठीला आतून गुलाबी रंग असतो, तो ती बायकांना दाखवणार होती. बांधावर गावातल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांच्यातल्या कल्याणी नावाच्या शेतकरणीशी आईची पेरणीच्या दिवशीच गट्टी जमली होती. एका माणसाने जिवाणू लावलेल्या पट्ट्यातलं झाड मातीच्या ढेपळासकट खणून काढलं आणि बादलीत हळूहळू धुतलं. पांढरी, साफ मुळं वर आली. एकही गाठ नाही. दुसरं झाड काढलं. तिसरं काढलं. शेजारच्या साध्या पट्ट्यातलं काढलं, तेही तसंच. दोन्ही पट्ट्यांची पानं सारखीच पिवळट होती, हे खरं तर लांबूनच दिसत होतं. साहेबांनी विचारलं, "ये क्या है, हालदारबाबू?" हालदारबाबूंनी बाबांकडे पाहिलं. पाकिटं तपासून देण्याची जबाबदारी बाबांची होती.

बाबा खाली वाकून मुळं न्याहाळत होते. ते तसेच, मान वर न करता, हिंदीत म्हणाले, "पैकेट में कोई खराबी नहीं है, साहब. गलती हमारे घर में हुई. मेरी मिसेस ने बीज धूप में फैला दिया. औरतों की आदत होती है ना, गीला देखा कि धूप में."

साहेब हसले. मोकळेपणाने, सुटका झाल्यासारखे हसले. त्यांच्या आईच्याही लोणच्याच्या बरण्या अशाच गच्चीवर असायच्या, असं काहीतरी म्हणाले. हालदारबाबू हसले. त्या दिवशी पावसात छत्री धरून उभे असलेले हालदारबाबू. बांधावरून कल्याणी म्हणाली, "सेदिन तो रोद ओठेइ नि." त्या दिवशी ऊन पडलंच नव्हतं की. ती पुटपुटली नव्हती, चांगली खणखणीत बोलली होती. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. त्यांची मान अजून खालीच होती, हातात मुळं आणि मनगटापर्यंत चिखल. आईने किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, पण डोक्यावरून एक विमान गेलं आणि ते जाईपर्यंत कोणीच काही बोललं नाही. मग ती स्वच्छ बांगलात म्हणाली, "हां, भुलटा आमारइ." चूक माझीच. आणि तिने सुरी पिशवीत परत ठेवली.

परतीच्या गाडीत तिला खिडकीशी जागा मिळाली होती. ती बाहेर बघत बाबांना म्हणाली, "साहेबांसमोर ठीक आहे. त्या वेळी दुसरं काय करणार होतात. पण हालदारबाबूंना उद्या नीट सांगा. ते स्वतः तिथे होते, त्यांना कळेल." बाबा म्हणाले, "बघतो." तो आवाज मला ओळखीचा होता. गळका नळ दुरुस्त करायचाय म्हटल्यावरही ते असंच बघतो म्हणायचे. मी आईला कानात म्हटलं, तू का कबूल केलंस? ती म्हणाली, "अगं, तिथे त्यांना खोटं पाडलं असतं तर घर चाललं असतं का? आत्ता सांगतील ते." तिचा विश्वास होता. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण लोकांना वाटतं अशा बायका त्याग करतात. तिने त्याग वगैरे केला नव्हता. तिने नवऱ्याला थोडा वेळ दिला होता.

बाबांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पूजेआधीच्या महालयाला नाही. ह्याच बाबांनी मला सायकल शिकवली, माझ्या तापात उशाशी बसून राहिले, हे मी विसरलेले नाही. पण एक वाक्य त्यांच्याच्याने बोलवलं नाही. हालदारबाबूंना तर खरं ठाऊकच होतं, त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं, असं कोणी म्हणेल. सांगायचं होतं ते एवढंच, की पाठकांना स्वतःला हे खोटं नको आहे. ते कोणी म्हणालं नाही, म्हणून ते खोटं सगळ्यांच्या सोयीचं होऊन बसलं. साहेबांनी नव्याने प्रात्यक्षिक घ्यायला मुदत दिली. आणि पूजा झाल्यावर एके दिवशी बाबा कारखान्यातून आले, बूट काढता काढता म्हणाले, की त्या कामावर बराकपूरकडच्या कोणा बाईंना घेतलं आहे. साहेबांचं म्हणणं पडलं, ज्यांनी स्वतः बियाणं उन्हात घातलं, त्या बाई गावातल्या बायकांना काय शिकवणार. आई "हो का," म्हणाली आणि बुटांखाली पेपर सरकवला.

विनोद कसा पसरला ते मला माहीत आहे. कोजागरीच्या दुधाला बाबांनीच तो पहिल्यांदा सांगितला. आता वाटतं, दुसरं कोणी सांगायच्या आत त्यांना तो सांगून टाकायचा होता, हसण्यावारी न्यायचा होता. आई तिथेच वाटीत दूध ओतत होती. तो विषय तिने पुढे कधीच काढला नाही. मी मात्र धुमसत होते. मी सोळा-सतरा वर्षांची, आमच्या घरात बाबांना जाब विचारायची पद्धत नव्हती, पण दिवाळीच्या आधी एकदा जेवताना मला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही खोटं का सांगितलंत? त्या दिवशी पाऊस होता."

बाबांनी वरणाची वाटी भातावर उपडी केली आणि ते अजिबात न चिडता बोलले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"वसू, तुला अजून जग कळत नाही. पाकिटं मेलेली होती म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. परक्या गावात आपण काय केलं असतं? मग मी काय करायला हवं होतं? तिचं नाव घेतलं. तिची काय नोकरी जाणार होती? तिचं काय गेलं?"

आई माझ्या मागे भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी वळून तिच्याकडे पाहिलं, आता ती बोलेल म्हणून. चपलांचं, पिशवीचं, घोकलेल्या वाक्यांचं नाव घेईल म्हणून. ती पुढे झाली, बाबांच्या ताटाकडे बघून तिने विचारलं, "अजून भात वाढू?"

"थोडा," बाबा म्हणाले.

तिने वाढला. वर तूप घातलं. बाबांना मी पुढे कधीतरी माफ केलं, निदान त्यांच्या म्हातारपणी त्यांचं सगळं करताना तसं वाटत होतं. त्या भाताबद्दल आईला मात्र मी अजून माफ करू शकलेले नाही.